वाक्यावाक्यांतील सांधा

बडोद्यातील मराठी घरांत तीन भाषा एका छपराखाली नांदतात, ह्यात वाचकांना नवल वाटण्याजोगे काही नाही. आजी देवापुढे मराठीत पुटपुटत असते, दारावरच्या भाजीवाल्याशी सूनबाई गुजरातीत घासाघीस करीत असतात आणि आतल्या खोलीत नातू किंवा नात इंग्रजीत प्रबंध लिहीत बसलेली असते. पहिल्या दोन भाषांचे आम्हांस कौतुक आहे. काळजी आहे ती तिसरीची. ती येत नाही म्हणून नव्हे. शब्द येतात, व्याकरण बेताचे का होईना पण येते, स्पेलिंग तर आताशा यंत्रच दुरुस्त करून देते. तरीही लिहिलेले पान वाचू लागावे तो प्रत्येक वाक्य सुटे, स्वतंत्र, आपल्याच नादात उभे असलेले दिसते. एकाच मांडवात बसलेल्या, पण एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन पक्षांकडच्या पाहुण्यांसारखी ही वाक्ये शेजारी शेजारी बसतात आणि परस्परांशी चकार शब्द बोलत नाहीत.

शाळेतून बाहेर पडलेले आमचे विद्यार्थी महाविद्यालयात गेल्यावर अधूनमधून लिहिलेली पाने घेऊन आमच्याकडे येतात. आम्ही मराठीचे शिक्षक. इंग्रजीच्या पानावर आमचा अधिकार तो किती? पण मुलांना तो प्रश्न पडत नाही. अशा पानांच्या समासात प्राध्यापकांनी लाल शाईने बहुधा एकच शेरा मारलेला असतो: दुवा नाही, ओघ नाही. दुवा म्हणजे काय आणि तो आणावा कोठून, हे मात्र समासात कोणी लिहीत नाही, आणि समासात तेवढी जागाही नसते.

ह्या दुव्याला इंग्रजी भाषाशास्त्रात ‘कोहिजन’ असे नाव आहे. आपण त्याला सांधेजोड म्हणू. मायकेल हॅलिडे आणि रुकैया हसन ह्या दोघांनी १९७६ साली ह्या एकाच विषयावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून जगभरच्या इंग्रजी अध्यापनात त्याचा उल्लेख होत आला आहे. ह्यांतील रुकैयाबाई मूळच्या आपल्याकडच्याच. १९३१ साली उत्तर प्रदेशातील प्रतापगढ येथे त्यांचा जन्म झाला. ह्या दोघांनी सांध्यांचे पाच प्रकार मांडले. मागच्या वस्तूकडे सर्वनामाने किंवा दर्शक शब्दाने बोट दाखवणे हा पहिला. मागच्या शब्दाच्या जागी दुसरा एखादा उसना शब्द बसवणे हा दुसरा. मागे येऊन गेलेला शब्द अध्याहृत ठेवणे हा तिसरा. उभयान्वयी शब्दांनी वाक्ये जोडणे हा चौथा. आणि तोच शब्द किंवा त्याच्या गोतावळ्यातील शब्द पुन्हा आणून धागा टिकवणे हा पाचवा. ज्यांनी संस्कृत व्याकरणाची थोडी धूळ खाल्ली आहे त्यांना ह्यांतील तिसरा प्रकार भेटताच जुना स्नेही भेटल्यासारखे वाटेल. पाणिनीच्या अष्टाध्यायीत एका सूत्रातील पद पुढच्या सूत्रांत न उच्चारता चालू राहते. त्याला अनुवृत्ती म्हणतात, आणि ती न कळली तर पुढच्या सूत्राचा अर्थच लागत नाही.

आता हा प्रश्न बडोद्याच्या मराठी मुलांपुढे विशेष का उभा राहतो, ते सांगितले पाहिजे. बडोदे कॉलेज १८८१ साली निघाले तेव्हापासून येथील उच्च शिक्षणाची भाषा इंग्रजी. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि शेजारच्या अहमदाबादेत माध्यमाच्या प्रश्नावरून रणे माजली असताही बडोद्याच्या विद्यापीठाचे मुख्य माध्यम इंग्रजीच राहिले. त्या रणातील एक प्रकरण तर थेट मराठी घरातले आहे. अहमदाबादेतील एका मराठी विद्यार्थ्याने १९६० साली शालान्त परीक्षेचे पेपर मराठीतून लिहिले. पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात त्याने पहिल्या वर्षाचा अभ्यास इंग्रजीतून केला. पण दुसऱ्या वर्षी गुजरात युनिव्हर्सिटीच्या नव्या नियमांमुळे त्याला इंग्रजी वर्गात घेता येईना. वडील न्यायालयात गेले. गुजरात युनिव्हर्सिटी विरुद्ध कृष्ण रंगनाथ मुधोळकर ह्या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, आणि २१ सप्टेंबर १९६२ रोजी न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की, गुजराती किंवा हिंदी हेच एकमेव माध्यम म्हणून लादण्याचा अधिकार तेव्हाच्या कायद्याने युनिव्हर्सिटीला दिलेला नाही. मराठीतून शाळा शिकलेल्या मुलाने इंग्रजीतून पुढे शिकण्याचा हक्क असा झगडून मिळवला. परंतु हक्काबरोबर हातोटी मिळत नसते. ती कोणत्याच न्यायालयाच्या हातची गोष्ट नाही.

मुलांच्या पानांवर आम्हांस जे दिसते त्यात सर्वांत आधी डोळ्यांत भरते ती जोडशब्दांची गर्दी. दुवा नाही असा शेरा आला की मुले बाजारातून गाईड आणतात. गाईडात जोडशब्दांची यादी असते, आणि ती पाठ करून प्रत्येक वाक्याच्या तोंडी एकेक शब्द बसवला जातो: मोरओव्हर, फर्दरमोर, हाउएव्हर, देअरफोर. एका मुलाच्या पानावर ‘ऑन द अदर हॅन्ड’ तीनदा आले होते. आम्ही विचारले, बाळ, तुझा पहिला हात कोठे आहे? तो हसला, पण उत्तर नव्हते. भिंतीच्या विटांत चुना न घालता वरून नुसता गिलावा फिरवावा, तशी ही जोडकामाची तऱ्हा. पॅट्रिशिया कॅरेल ह्या अमेरिकन विदुषीने १९८२ साली एका निबंधात नेमके हेच बजावले होते, की सांधेजोड म्हणजे सुसंगती नव्हे. वरचे शब्द कितीही जुळलेले असोत, आतला विचार जुळलेला नसेल तर वाचकाच्या हाती काही लागत नाही.

दुसरा दोष गोड आहे, कारण तो निखळ मराठी आहे. आपल्या भाषेत जोडशब्द जोडीने चालतात: जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, ज्याअर्थी-त्याअर्थी. एक आला की दुसरा मागून आलाच पाहिजे, नाहीतर वाक्य लंगडते. इंग्रजीत मात्र एकट्यानेच काम भागते. आमची मुले ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू करतात आणि मध्ये ‘बट’ घालतात. ‘बिकॉज’ने सुरुवात केली तर पुढे ‘देअरफोर’ ठेवल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नाही. इंग्रजीच्या प्राध्यापकाला हे अडाणीपण वाटते. आम्हांस त्यात आईच्या भाषेचे वळण दिसते. हे वळण हसून सोडून देण्यासारखे नाही हे खरे, पण ते कोठून आले हे मुलाला एकदा सांगितले की त्याची सवय आठवड्याभरात सुटते. नुसते चूक चूक म्हणून खोडत राहिले तर वर्षानुवर्षे सुटत नाही.

तिसरी गोष्ट अधिक खोल आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. समजा आपण म्हटले: अंगणात विहीर होती आणि तिच्याशेजारी झाड होते, उन्हाळ्यात ती आटली आणि ते वाळले. कोण आटले आणि कोण वाळले ह्याविषयी मराठी वाचकाला तिळमात्र शंका येत नाही. इतकेच नव्हे, ‘ती’ आणि ‘ते’ ही सर्वनामे गाळली तरी क्रियापदाच्या शेवटावरूनच कर्ता ओळखू येतो. तीन लिंगे ही परदेशी विद्यार्थ्यांना मराठीतील मोठी डोकेदुखी वाटते. पण वाक्यांचे सांधे घट्ट ठेवण्याचे केवढे काम ती मुकाट्याने करीत असतात! गुजरातीतही तीनच लिंगे, त्यामुळे शेजारची भाषाही ह्या बाबतीत आपल्याच सवयीची. इंग्रजीत विहिरीला ‘इट’ आणि झाडालाही ‘इट’. पहाट, पुस्तक, प्रश्न, पगार, सगळ्यांना एकच ‘इट’. लिंगाच्या भरवशावर वाढलेले मूल हे सर्वनाम मोकळ्या हाताने वापरते, आणि आपल्या मनात जे स्पष्ट आहे ते कागदावर धूसर झाले ह्याचा त्याला पत्ताही नसतो. आम्ही मुलांना सांगतो की, प्रत्येक ‘इट’ आणि प्रत्येक ‘धिस’खाली पेन्सिलीने रेघ ओढा आणि ते ज्याच्याकडे बोट दाखवते त्या शब्दापर्यंत बाण काढा. बाण दोन शब्दांकडे जाऊ लागला किंवा कोठेच जाईना, की तेथे नाम घाला.

‘द’ ह्या चिमुकल्या शब्दाचेही असेच. प्रथम ‘अ वेल’, मग ‘द वेल’. म्हणजे मघाशी सांगितलेली तीच विहीर. हा शब्द मागे वळून पाहणारा आहे, म्हणून हॅलिडे-हसन ह्यांनी त्याला बोट दाखवणाऱ्या शब्दांत बसवले. आपल्याकडे हे काम शब्दांच्या क्रमाने आणि संदर्भाने होते, वेगळा शब्द लागत नाही. म्हणून मुले ‘द’ वाटेल तेथे घालतात नाहीतर मुळीच घालत नाहीत. उलट आपल्याकडे ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘मात्र’ असे इवलेसे शब्द आहेत, ते इंग्रजीला नाहीत. पाऊस तर आलाच नाही, ह्या चार शब्दांत मागच्या बोलण्याशी दोन ठिकाणी गाठ मारलेली आहे. ती गाठ इंग्रजीत न्यावी कशी? मग ‘मी कालच आलो’चे ‘यस्टर्डे ओन्ली’ होते, आणि सगळा देश ते बोलतो. कचेरीतून आलेले ‘सदरहू’ हे ‘द सेम’ होऊन अर्जांतून नांदते, तो भाग आणखी निराळा.

पाचव्या प्रकाराविषयी, म्हणजे शब्दांच्या पुनरुक्तीविषयी, आमच्या स्वतःच्या व्यवसायावर थोडा ठपका येतो. आम्ही मराठीचे शिक्षक निबंधात एकच शब्द दोनदा आला की भुवया उंचावतो. सूर्य एकदा झाला, आता रवी म्हणा, मग भास्कर म्हणा. अमरकोशाच्या परंपरेला हे शोभून दिसते. पण शास्त्रीय लेखनात पर्यायशब्द हा घातकी मित्र आहे. शास्त्रात संज्ञा एकदा ठरली की ठरली. पाणिनी ‘गुण’ आणि ‘वृद्धी’ ह्या संज्ञा ठरवतो आणि शोभेसाठी कधी बदलीत नाही. आणि काव्याचे म्हणाल, तर मम्मटाचा काव्यप्रकाश उघडावा. त्यात भग्नप्रक्रम नावाचा एक दोष सांगितला आहे: एका शब्दाने सुरुवात करून पुढे दुसऱ्याच शब्दाने तीच गोष्ट सांगणे. उगवता सूर्य जसा तांबडा तसाच मावळताही, हे सांगताना दोन्हीकडे तोच शब्द ठेवावा. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरा ठेवला तर अर्थ तोच असूनही तो निराळा भासतो आणि वाचक अडखळतो, असे मम्मट म्हणतो. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडिताने सांगितलेली ही गोष्ट विसाव्या शतकात इंग्रजी ग्रंथातून आमच्याकडे परत आली, ह्याची आम्हांस गंमत वाटते.

हे सगळे हवेतले नाही, हे कळावे म्हणून आमच्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली, वडील एका कारखान्यात फिटर. पदव्युत्तर वर्गात तिने घरी बसून पापड, खाखरे आणि शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांविषयी प्रबंधिका लिहावयास घेतली. विषय तिच्या अगदी जवळचा, कारण चाळीतल्या निम्म्या बायका तेच करतात. पहिली दोन प्रकरणे समासातल्या शेऱ्यांनी रंगून परत आली. एवढ्यावरून मुलगी शिक्षण सोडण्याच्या गोष्टी करू लागली. मला विचारच करता येत नाही, असे म्हणू लागली. तिची आई तिला आमच्याकडे घेऊन आली.

आम्ही पान वाचले. स्त्रियांना नगामागे जे पैसे मिळतात त्यांना तिने पहिल्या ओळीत ‘वेजेस’ म्हटले होते, तिसऱ्या ओळीत ‘सॅलरी’, पुढे ‘इन्कम’ आणि शेवटी ‘रेम्युनरेशन’. वाचणाऱ्याला चार निरनिराळ्या रकमा वाटाव्यात अशी ती तऱ्हा, आणि त्यांतील दोन तर खरोखरच निराळ्या होत्या: नगामागची मजुरी आणि महिन्याची मिळकत. मजुरी वाढूनही काम कमी आले तर मिळकत घटते, हा तिच्या प्रबंधिकेतला सर्वांत मोलाचा मुद्दा शब्दांच्या ह्या गर्दीत हरवला होता. मग एका वाक्याची सुरुवात ‘धिस शोज’ने झालेली. आम्ही मराठीत विचारले, ह्यावरून म्हणजे कशावरून? ती क्षणात म्हणाली, ‘दर बायका ठरवत नाहीत सर, दलाल ठरवतो, त्यावरून.’ मग तेच लिही की! ‘धिस’च्या पुढे दलालावरचे अवलंबन हे नाम घातले आणि वाक्य जमिनीवर उभे राहिले.

पुढे एके ठिकाणी लिहिले होते की ह्या स्त्रिया घरीच काम करतात, ‘देअरफोर’ त्या समाधानी आहेत. आम्ही विचारले, म्हणून? ती थबकली. ‘नाही सर, म्हणून नाही. तरीपण. घरी असून खूश आहेत असं त्या सांगतात, पण पैशाचं विचारलं की रडतात.’ त्या एका ‘देअरफोर’ने केवढे मोठे सत्य झाकून टाकले होते! गाईडातला शब्द तेथे बसवला नसता तर तिचे तिलाच कळले असते की ह्या दोन वाक्यांमध्ये कारण नाही, विरोध आहे. विचार तिच्याजवळ होता, आणि तो तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जगण्यातून आला होता. त्याला मराठीतून वाट करून दिल्यावर तो इंग्रजीत उतरला. त्या पानावरील बारा जोडशब्दांपैकी आठ आम्ही तिच्याच हातून खोडवले, आणि पान वाचावयास अधिक सोपे झाले. दुसऱ्या खेपेला प्रकरण परत आले तेव्हा समासात शेरा होताच. पण तो ओघाविषयी नव्हता. इतक्या थोड्या स्त्रियांवरून एवढे मोठे विधान कसे करता, असा तो शेरा होता. ती मुलगी तो शेरा आम्हांस दाखवावयास मुद्दाम आली, आणि इतकी आनंदात होती की जणू शाबासकी मिळाली आहे. मुद्द्याशी भांडणारा वाचक तिला प्रथमच भेटला होता.

काही वाचक म्हणतील, आपल्या लोकांची विचारपद्धतीच मुळी वळणावळणाची, इंग्रजीची सरळ रेषेची. अमेरिकेतील रॉबर्ट कॅप्लन ह्यांनी १९६६ साली तशा आकृत्याही काढल्या होत्या. इंग्रजीला सरळ रेघ, पौर्वात्यांना भोवऱ्यासारखे वेटोळे. त्या आकृत्यांवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यच झाली. आमच्या मते मराठी गद्याचा इतिहासच त्यांना उत्तर देतो. बडोदे संस्थानचे मोडी कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की त्यांत ना स्वल्पविराम ना पूर्णविराम, शब्दही सलग जोडलेले. तरी कारकुनाला मजकूर लागत असे, कारण ‘ऐसियास’, ‘त्याजवरून’, ‘त्यास’ ह्या शब्दांच्या खुंट्यांवर सगळा मजकूर टांगलेला असे. विरामचिन्हे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली. त्याचे श्रेय मेजर कँडी ह्यांना दिले जाते. मग १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला सुरू झाली, आणि सात वर्षांत तिच्या ८४ अंकांनी मराठी वाक्याला असे काही वळण दिले की विरोध, कारण, सवलत, निष्कर्ष सारे एका वाक्यात पेलता येऊ लागले. शास्त्रीबोवांनी इंग्रजी निबंधकार मन लावून वाचले होते. पण जे घेतले ते मराठीच्या जरी-तरीत मुरवून घेतले, यादी पाठ करून नव्हे. ज्या भाषेने ही विद्या एकदा अशी पचवली, तिच्या मुलांची रेघ जन्मतःच वाकडी, हे आम्ही मानावयास तयार नाही.

घरच्या माणसांनी काय करावे, असे पालक विचारतात. इंग्रजीच्या शिकवणीला पैसे मोजण्याआधी मुलाकडून त्याचा परिच्छेद मराठीत तोंडी सांगून घ्यावा, आणि दर दोन वाक्यांमध्ये एकच शब्द विचारावा: म्हणजे? म्हणून? पण? मग? आजीलाही हे काम उत्तम जमते, कारण तिला विषय ठाऊक नसतो आणि न कळलेले कळले म्हणण्याची तिला सवय नसते. मराठी वाचता न येणाऱ्या नातवंडांची गोष्ट कठीण आहे. पण बोलता येत असेल तोवर एवढे चालते.

शाळेत आम्ही नववीच्या वर्गात एक खेळ घेतो. मराठीतलाच एक साधा परिच्छेद घ्यावयाचा, त्यातले एकेक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहावयाचे, चिठ्ठ्या कालवावयाच्या आणि मुलांच्या टोळ्यांना पुन्हा क्रम लावावयास सांगावयाचे. गेल्या वर्षी परिच्छेद सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवराचा होता. सहा चिठ्ठ्यांपैकी पाच पटकन लागल्या. सहावी ‘तेथूनच’ ह्या शब्दाने सुरू होत होती, आणि एक टोळी म्हणे ती सरोवराच्या वाक्यामागून यावी, तर दुसरी म्हणे शहराच्या. तास संपल्याची घंटा झाली तरी दोन्ही टोळ्या बाकांवर वाकून ‘च’वर बोट ठेवून भांडत होत्या, आणि पुढच्या तासाचे गणिताचे शिक्षक दारात येऊन उभे होते.